बिननावाची हरकत

१

शुक्रवारी संध्याकाळी पेटी उघडली आणि नेहाचं वर्ष बुडालं.

पेटी म्हणजे खरीखुरी पेटी नव्हे. 'कानस' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवरचं ते एक पान. भोसरी-चाकणच्या लहान गाळ्यांत बड्या कंपन्यांनी काढून टाकलेली जुनी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, मशीनं असतात. नवी ड्रॉइंगं त्यांना कळत नाहीत, 'कानस' ती त्यांना समजावून देतं. ह्याच कामाचे बाजारात लाखो रुपये मोजावे लागतात. 'कानस' मात्र कुणाच्याच मालकीचं नाही. कुणीही घ्यावं, आतून उघडून बघावं, सुधारावं. सुधारणारे सगळे हौशी, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारे. निदान सांगायची पद्धत तशी होती. प्रत्यक्षात गेली काही वर्षं जवळजवळ सगळ्या भाकऱ्या संत तुकाराम नगरची नेहा एकटी भाजत होती, नोकरी सांभाळून, आणि बाकीचे तिचं कौतुक करत होते. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

यंदा बाहेरच्या एका संस्थेनं निधी देऊ केला. एका माणसानं वर्षभर पूर्णवेळ 'कानस'चंच काम करावं, त्याचा पगार संस्था देईल. माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. सगळे नेहाला म्हणाले, आता तरी तुझे हाल संपतील. ह्या भरवशावर तिनं हिंजवडीतली नोकरी सोडायचा अर्ज दिला. घरात ती आणि तिची आई जाईबाई. वडील कंपनीतून निवृत्त झाले आणि पाठोपाठ गेलेच.

पैशाचा निर्णय घ्यायची 'कानस'ची एक रीत होती. पाच पंच: उद्धवराव, ओंकार, जयदीप, बुद्धरत्न आणि स्वतः नेहा. कुणीतरी ठराव मांडायचा आणि आठवडाभर वाट बघायची. हात वर करायचे नाहीत, मतं मोजायची नाहीत. गप्प बसणं हाच होकार. मात्र पाचांपैकी एकानं जरी पेटीत हरकत टाकली, तर ठराव मेला. पूर्वी हरकत नावानिशी घ्यायचे. त्यावरून एकदा दोघा पंचांची अशी जुंपली की शेवटी एकानं 'कानस'च सोडलं. तेव्हापासून हरकत बिननावाची झाली. मुदत संपेपर्यंत पेटीत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. संपली की मजकूर दिसतो, टाकल्याची वेळ दिसते, नाव दिसत नाही.

आठवडाभर पाचही पंच गप्प होते. उलट ग्रुपवर अभिनंदनाचे हार चालले होते. आणि पेटीतून निघाली एक हरकत: 'एकाला पगार दिला की बाकीचे बिनपगारी ठरतात. सेवा विकू नये.' वेळ शुक्रवार संध्याकाळची, मुदत संपायच्या जरासं आधीची.

नाव नव्हतं, पण लोकांनी ते तिथल्या तिथे घातलं. उद्धवराव. दुसरं कोण असणार? दिघीचे उद्धवराव, टूलरूमचे निवृत्त फोरमन, पंचांतले सगळ्यांत वडीलधारे. पैशाचा विषय निघाला की त्यांची हरकत ठरलेली. देणगीला हरकत, जाहिरातीला हरकत, एकदा तर कुणी दिलेल्या फुकट टी-शर्टांनाही हरकत. रात्रीपर्यंत ग्रुपवर म्हाताऱ्याचा उद्धार झाला. एकानं लिहिलं, ह्यांना पेन्शन मिळते, पोरीनं उपाशी मरावं काय.

शनिवारी सकाळी उद्धवराव पूनमच्या दारात उभे होते. एका डोळ्याला हिरवी पट्टी, हातात काठी.

"पूनम, ह्या खेपंला म्या टाकली न्हाई," ते म्हणाले. "कुनी टाकली ती शोध."

२

पूनम विमा कंपन्यांसाठी सर्व्हेयरचं काम करायची. गाळा जळाला की राखेत उभं राहून आग लागली का लावली हे सांगायचं. ह्या धंद्यामुळे अर्ध्या भोसरीचा तिच्यावर राग होता आणि उरलेल्या अर्ध्या भोसरीचा विश्वास. 'कानस'च्या सूचना इंग्रजीतून मराठीत तिनंच आणल्या होत्या, पण ती पंच नव्हती आणि ह्या निधीत तिचं काही अडलेलं नव्हतं.

"काका, तुम्ही नाही टाकलीत हे मी का मानू?" तिनं चहा पुढे ठेवत विचारलं.

"आजपतुर जेवढ्या टाकल्या, समद्या पैल्या दिवशी टाकल्या. आन खाली सही केली, उद्धव म्हनून. बिननावाची पद्धत तुमची, माजी न्हाई. म्या काय चोर हाय का?"

हे खरं होतं. जुन्या हरकती पूनमनं बघितल्या होत्या. प्रत्येकीच्या शेवटी म्हातारा ठसक्यात सही करायचा.

"मग ह्या वेळी गप्प का बसलात?"

उद्धवरावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नेहाचा बाप माज्या हाताखाली शिकला. मागल्या म्हैन्यात जाईबाईला भेटाया गेल्तो. पोरगी कामावरनं आली, ताट म्होरं घेतलं आन बसल्या बसल्या झोपली. घास हातात. जाईबाई म्हनली, रोजचंच हाय. तवा म्या ठरिवलं, ह्या खेपंला आडवं जायाचं न्हाई."

"मग तसं ग्रुपवर सांगून टाकायचं होतंत."

"धा वर्सं वरडलो, पैसा नको, पैसा नको. आन आता थुकलेलं चाटू? गप बसलो. गप बसनं म्हंजी व्हयच की तुमच्यात."

ते डोळ्याबद्दल सांगत बसले. मोतीबिंदू काढलाय. शुक्रवारी दुपारी ओंकार आपल्या गाडीतनं तपासणीला घेऊन गेला होता, पोटच्या पोरासारखं करतो. पूनमनं ते ऐकलं आणि पुढे विचारलं नाही. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. संस्थेनं सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदत वाढवली होती. तोवर पेटी पुन्हा मिटलेली राहणार, हरकत टाकता येणार, ज्यानं आधी टाकली त्याला ती मागे घेता येणार, आणि तेही बिननावानंच. बारा वाजता पेटी रिकामी निघाली तर नेहाचा पगार चालू. नाही निघाली तर निधी दुसऱ्या कुठल्या तरी राज्यातल्या प्रकल्पाला जाणार.

म्हणजे चोर पकडून भागणार नव्हतं. त्याच्याकडून माल परत ठेवून घ्यायचा होता.

ती तशीच संत तुकाराम नगरला गेली. नेहा लॅपटॉपवर काम करत होती, जणू काही झालंच नव्हतं. चिखलीच्या कुठल्याशा गाळ्यातलं मशीन चुकीचा कट मारत होतं आणि त्याचं कारण तिला सापडत नव्हतं.

"ताई, कोण होतं ते मला सांगू नका," ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली. "कळलं तर त्या माणसाशी मला उद्या बोलता येणार नाही. फक्त मागे घ्यायला सांगा. नोकरी तर गेलीच. परत घ्या म्हणून शुक्रवारीच विचारूनही आले. नाही म्हणाले."

"विचारायला गेली होतीस? निकालाच्या आधी?"

"मी नव्हते जाणार. बुद्धरत्ननं ओढून नेलं. शुक्रवारी संध्याकाळी, गाडीवर मागे बसवून. म्हणाला, काकांची हरकत आत पडलेली असणारच, तू वेड्यासारखी वाट बघू नकोस."

पूनम उठता उठता थांबली. निकाल लागण्याआधीच निकालाची इतकी खात्री असलेला हा एकच माणूस होता का, हे तिला बघायचं होतं.

३

जयदीपला भेटायला चाकणला जावं लागलं. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो मेंटेनन्सला होता. शिफ्टच्या आधी गेटबाहेरच्या टपरीवर तो उभा राहिला, गळ्यात ओळखपत्र, नजर घड्याळाकडे.

"ताई, माझ्यावर डाऊट घेऊ नका. शुक्रवारी सेकंड शिफ्ट होती. मोबाइल गेटवरच काढून घेतात, आत नेलात तर सरळ घरी. रजिस्टर बघा पाहिजे तर."

"रजिस्टर नको. मला एवढंच सांग, तुला निधी हवा होता का?"

जयदीपनं चहाचा ग्लास उगाच फिरवला. "खरं सांगू? नाही. मॅनेजरनं क्लिअर सांगितलंय, ज्यात बाहेरचा पैसा येतो तिथं आपल्या माणसाचं नाव दिसता कामा नये. म्हणजे निधी आला की मला पंच म्हणून बाहेर. इतकी वर्षं केलं ना यार आपण पण."

"मग ग्रुपवर सगळ्यांत मोठा हार तूच का घातलास?"

"नाही म्हणून वाईट कोण होणार? आणि गरजच काय होती," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "काका होतेच की."

पूनमनं चहाचे पैसे दिले. परत येताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तिचा राग वाढतच गेला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. खांदा म्हाताऱ्याचा आहे हे कौतुकानं सांगणारा मात्र हा पहिलाच.

बुद्धरत्नचा गाळा भोसरीत. दोन जुनी मशीनं, दोन्ही 'कानस'वर चालणारी. तो आणि नेहा एकाच कॉलनीत, एकाच शाळेत वाढलेले. नेहा 'कानस' लिहायची आणि बुद्धरत्न ते लोकांना शिकवायचा, गाळ्यागाळ्यांत जाऊन, आपलं काम बंद ठेवून.

"मी नाही टाकली, ताई. त्या वेळी मी गाडी चालवत होतो, नेहा मागं बसली होती. तिलाच विचारा."

"विचारलंय. पण तुला खात्री कशी होती, की हरकत पडलीच आहे?"

"काका कधी सोडतात का?" तो हसला. मग हसू पुसलं गेलं. मशीनवरचा लोखंडाचा कीस फडक्यानं झाडत तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिला मिळणार म्हणून मला वाईट वाटत नव्हतं. तिला मिळायलाच पाहिजे. पण एकाही माणसानं मला विचारलं नाही. बुद्धरत्न, तुझं पण निम्मं काम आहे, तुझं काय, असं एकानं तरी. तिनंही नाही."

"तिला सांगितलंस हे?"

"हे काय सांगायचं असतं?"

शेवटी निगडी. प्राधिकरणातला ओंकारचा बंगला, फाटकापाशी दोन गाड्या. घराणं मोशीचं, जुनं शेतकरी. शेतं कधीच गोदामं झाली होती आणि गोदामांचं भाडं दर महिन्याला न चुकता येत होतं. 'कानस'ची सुरुवात ओंकारची. पहिल्या ओळी त्यानं लिहिल्या होत्या. अलीकडे तो लिहीत नसे, भाषणं करत असे. दिवाणखान्यात शाली-श्रीफळांचे फोटो लावलेले होते.

"काकांनी घात केला," ओंकार म्हणाला. त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. "नेहा मला बहिणीसारखी आहे, पूनमताई. तिच्या तोंडचा घास गेला. दहा वर्षांची खोड, मरेपर्यंत जायची नाही."

"शुक्रवारी तू त्यांना दवाखान्यात घेऊन गेला होतास ना? तेव्हा काही बोलणं झालं ह्यावर?"

"छे. डोळ्याचंच बोलत होते सगळा रस्ता. हा विषयच निघाला नाही."

त्याच्या बायकोनं, तेजस्विनीनं, थालीपीठ आणून ठेवलं. पूनमनं ते खाल्लं, छान झालंय म्हणाली आणि बाहेर पडली. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

४

रविवारी सकाळी दूध तापत ठेवून ती विचार करत बसली. कालपासून ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होती, निधी कुणाला नको होता. आणि तो प्रश्नच चुकीचा होता, कारण उत्तर 'जवळजवळ सगळ्यांना' असं होतं. जळालेल्या गाळ्यातसुद्धा तिनं कधी असं विचारलं नव्हतं. विम्याचे पैसे कुणाला नको असतात? तिथं ती विचारायची, आग त्याच दिवशी का लागली.

हरकत त्याच संध्याकाळी का पडली?

आठवडाभर पेटीत हरकत टाकता येत होती. ज्याला मनापासून हरकत होती त्यानं पहिल्या दिवशी टाकून मोकळं व्हायचं. आठवडा गप्प बसून अगदी शेवटी टाकली, म्हणजे शुक्रवारी काहीतरी बदललं. आदल्या दिवसापर्यंत त्या माणसाला टाकायची गरज वाटत नव्हती आणि शुक्रवारी वाटली.

दूध वर आलं. तिनं उठून गॅस बंद केला, आणि तिथंच तिला उलगडा झाला.

घरात पाच माणसं असतात, गॅसवर दूध असतं. त्यातला एक जण कायम उठतो. बाकीचे चौघं बसल्या जागेवरून 'दूध बघा रे' म्हणतात आणि कुणीच हलत नाही, कारण तो आहेच. मग एखाद्या दिवशी तो उठणार नाही असं ठरवतो. अशा वेळी दुसरं कोण उठेल? फक्त तोच, ज्याला ते ठाऊक आहे.

जयदीपला वाटत होतं, काका आहेतच. बुद्धरत्नला इतकी खात्री होती की तो नेहाला घेऊन हिंजवडीला गेला. ज्यांना वाटतं की हरकत आत पडलेली आहे, त्यांना आपली वेगळी टाकायचं कारणच नाही. हरकत अशा माणसानं टाकली, ज्याला ह्या वेळी म्हातारा टाकणार नाही हे शुक्रवारी कळलं. आणि ते कळणार कुणाकडून? पेटी तर बंद होती.

तिनं उद्धवरावांच्या घरी फोन लावला.

"काका, ह्या वेळी आडवं जायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, ते कुणाला बोलला होतात?"

"कुनाला न्हाई."

"नीट आठवा. शुक्रवारी."

पलीकडे काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. "व्हय, एकाला बोल्लो," म्हातारा म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला, कारण त्यालाही कळत चाललं होतं. "एकालाच."

५

"काकांनी तुला गाडीत सांगितलं," पूनम म्हणाली. ओंकारच्या अंगणात ती उभीच राहिली होती, बसायला नको म्हणाली. "आणि तू मला म्हणालास, विषयच निघाला नाही. तुला ठाऊक होतं की काकांनी टाकलेली नाही. तरी सगळ्यांसमोर तू त्यांचंच नाव घेत राहिलास. ज्यानं टाकली तोच असं करेल."

ओंकारनं नाकारलं नाही. पाइपनं झाडांना पाणी घालत होता, ते चालू ठेवलं.

"सिद्ध करता येणार नाही तुम्हाला."

"करायचंच नाही. उद्या बाराच्या आत मागे घे. कुणाला कळणार नाही. मीही बोलणार नाही."

"बोला की. मला लाज नाही वाटत त्याची." त्यानं पाणी बंद केलं. "ताई, हे मी सुरू केलं. लोक मला नमस्कार करतात ते का? गोदामांसाठी नाही करत. फुकट देतो म्हणून करतात. उद्या नेहा पगार घेऊन काम करणार, म्हणजे काम तिचं, शब्द तिचा. मग मी कोण? सुरुवातीचा एक माणूस. भिंतीवरचा फोटो."

"ती सध्याही करतेच आहे सगळं."

"करतेय ना. पण आत्ता ती मदत करतेय." हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की पूनमला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ज्याच्या घरी भाडं येतं त्यानं सेवेचं मोल दुसऱ्याला शिकवावं, ह्याची तिला किळस आली, आणि ती तसं म्हणालीही.

ओंकारला ते झोंबलं. तो पुढे आला. "मीच एकटा वाईट काय? ठीक आहे. उद्या सगळ्यांसमोर कबूल करतो आणि सगळ्यांसमोर मागे घेतो. त्यानंतर पेटी रिकामी निघाली तर नेहाचे पाय धरीन. पण निघणार नाही, ताई. तुम्ही एक माणूस शोधलात. मी ह्या लोकांना दहा वर्षं ओळखतो."

तो मागे घ्यायला तयार झाला होता. पूनम जिंकून घरी गेली, आणि तरी तिला जेवण गेलं नाही.

६

सोमवारी सगळे बुद्धरत्नच्या गाळ्यात जमले. नेहा, उद्धवराव, ओंकार, पूनम. जयदीपची पहिली शिफ्ट होती. मोबाइल गेटवर ठेवायच्या आधी त्यानं पूनमला फोन करून सांगितलं होतं, माझी हरकत नाही, शपथ. ते खोटं असलं तरी आता बाहेर येईपर्यंत त्याला काही करता येणार नव्हतं. उद्धवरावांकडे बटणांचा साधा फोन होता, पेटी त्यात उघडतच नसे. ते सगळं घरच्या कॉम्प्युटरवर करायचे.

ओंकारनं शब्द पाळला. "हरकत माझी होती," तो म्हणाला आणि कारणही सांगितलं, काल सांगितलं तेच, जरा सभ्य शब्दांत. उद्धवरावांनी तोंड फिरवलं. कोण होतं ते नेहाला ऐकायचं नव्हतं, पण आता ऐकावं लागलं. ओंकारनं सगळ्यांना दिसेल असा मोबाइल धरून हरकत मागे घेतली. पूनमनं तो मोबाइल आपल्याकडे मागून घेतला आणि बाकावर पालथा ठेवला.

"आता बारापर्यंत थांबायचं," ती म्हणाली.

वातावरण हलकं झालं. उद्धवराव नेहाला म्हणाले, पगार झाला की पैल्यांदा झोप घे. नेहा कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, आईला महाबळेश्वर दाखवायचंय. संस्थेला काय लिहायचं, सुरुवात कुठल्या कामापासून करायची, ते ती पूनमला सांगू लागली, भरभर, एकातून दुसरं काढत. बुद्धरत्न ऐकत होता. मग चहा सांगून येतो म्हणाला आणि गाळ्याच्या बाहेर गेला. थोड्या वेळानं आला, मशीनपाशी उभा राहिला.

बारा वाजले. नेहानं लॅपटॉपवर पेटी उघडली.

पेटीत एक हरकत होती. मजकूर दोनच शब्दांचा, 'हरकत आहे.' कारण दिलेलं नव्हतं. वेळ आत्ताची, ओंकारनं आपली मागे घेतल्यानंतरची.

ओंकारनं बाकावरच्या आपल्या पालथ्या मोबाइलकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

पूनमला शोधायला काही वेळ लागला नाही. जयदीप कंपनीत, मोबाइल गेटवर. उद्धवरावांच्या फोनवर पेटी उघडत नाही. ओंकारचा मोबाइल तिच्या नजरेसमोर. नेहा तिच्याशीच बोलत होती. पाचातून चार वजा केले की राहतो एक, आणि तो चहा सांगायला बाहेर गेला होता. म्हातारा नाही, ओंकारही नाही, आता कुणाच्याच आड उभं राहता येत नाही, तेव्हा ज्याला नको होतं त्याला स्वतः उठावं लागलं. पूनमचं डोकं भडकलं. तिनं तोंड उघडलं.

"ताई, राहू द्या," नेहा म्हणाली.

"अगं, पण मला कळलंय..."

"मलाही कळलंय. शोधू नका."

बुद्धरत्ननं मान वर केली नाही. चहावाला चहा घेऊन आला, ग्लास ठेवून गेला. उद्धवराव एकेकाकडे बघत होते. त्यांना पट्टीमुळे नीट दिसत नव्हतं आणि काय झालं ते कुणी सांगतही नव्हतं.

नेहानं लॅपटॉप मिटला. 'कानस'च्या मदतीसाठी म्हणून एक वेगळा फोन ती बाळगायची, तो पिशवीत वाजू लागला. सवयीनं तिनं घेतला. तळवड्याचा कुणी गाळेवाला होता. मशीन मधेच थांबलंय, माल संध्याकाळी द्यायचाय, मॅडम काहीतरी करा. "स्क्रीनवर लाल काय आलंय ते वाचा," नेहा म्हणाली, आणि पुढचा प्रश्न ओठावर आलेला तिनं तसाच गिळला.

"थांबा, देते," ती म्हणाली.

मशीनपाशी जाऊन तिनं तो फोन बुद्धरत्नच्या हातात ठेवला. त्यानं तिच्याकडे बघितलं. नेहानं पिशवी खांद्याला लावली आणि उद्धवरावांना वाकून नमस्कार केला. मग ती रस्त्यावर आली आणि कुठली बस आधी येते ते बघत उभी राहिली. हिंजवडीची तिला आता नको होती.

आत गाळ्यात बुद्धरत्न फोन कानाला लावून उभा होता. मशीन शिकवायचं त्याला येत होतं, बंद पडलेलं चालू करायचं येत नव्हतं. ओंकारलाही आता येत नव्हतं. फोनवरचा माणूस बराच वेळ मॅडम, मॅडम करत राहिला.